विलायतेची वाट

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमध्ये पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तो साधारण ७,२०० किलोमीटर भरतो. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की रेघ इराकवरून जाते. गोलावर मात्र दोरा उत्तरेला सरकतो आणि त्याचा मध्य आर्मेनिया-जॉर्जियाच्या सीमेपाशी येतो. हा झाला भूगोलाचा आकडा. प्रवासाचा आकडा नेहमीच दुसऱ्या कुणीतरी ठरवला.

आधी तो वाऱ्याने ठरवला. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून विलायत गाठायला महिने लागत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटींचे राज्य आले. मग अंतर कोळशाने मोजायचे, म्हणून एडनला थांबायचे. घाईचा प्रवासी युरोपच्या किनाऱ्यावरच बोट सोडून पुढे आगगाडी पकडी. तरी पंधरवडा जाईच.

विमान आले म्हणून वाट सरळ झाली असे समजू नका. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. लंडनहून बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडी, कारण फ्रान्सकडून येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटलीची परवानगी नव्हती. जिनोव्हाहून पाण्यावर उतरणारे विमान अलेक्झांड्रियाला नेई. इजिप्तपासून पुढे पुन्हा दुसरे विमान. सगळे मिळून सात दिवस. वाटेत इराणचा किनारा लागे. इराणची परवानगी संपली तशी १९३२ च्या ऑक्टोबरात ही विमाने आखाताच्या पलीकडच्या काठाने, शारजावरून जाऊ लागली. शेजारच्या दुबईचा दबदबा पाहणाऱ्याला आज गंमत वाटेल, पण त्या काठावरच्या विमानवाहतुकीचे मूळ हे असे दुसऱ्याच्या नकारात आहे.

१९३२ च्या त्याच ऑक्टोबरात, १५ तारखेला, जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ हे चिमुकले विमान घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. आत विलायतेहून आलेले टपाल होते. मुंबई त्या वाटेला जोडली गेली ती अशी, आधी पत्रांनी.

भारतीय विमानकंपनीने माणसांना लंडनला न्यायला १९४८ उजाडले. ८ जूनच्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ पस्तीस प्रवासी घेऊन निघाले आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दिवसांचे तास झाले.

आज जेट विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणजे हिशेबाने आठ तास. वेळापत्रकात मात्र नऊ-दहा तास दिसतात. पश्चिमेकडून येणारा उंचावरचा वारा जाताना समोरून लागतो. येताना तोच पाठीशी असतो, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. बाकीची भर वळशांची. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केले, परदेशी कंपन्यांना नाही. तेव्हापासून मुंबईच्या एकाच धावपट्टीवरून लंडनला निघालेल्या दोन विमानांचे अंतर त्यांच्या शेपटीवरच्या नावाप्रमाणे वेगळे भरू शकते.