लीळाचरित्राचे कर्ते : लोणारच्या एका लीळेच्या निमित्तानें

लोणार हें बुलढाणा जिल्ह्यांतील गांव तेथील खाऱ्या पाण्याच्या सरोवरामुळें व दैत्यसूदनाच्या देवालयामुळें इतिहासजिज्ञासूंस परिचित आहे. उल्कापातानें झालेल्या त्या विवराची चर्चा येथें कर्तव्य नाहीं. देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव याची व श्रीचक्रधरांची भेट लोणारास झाली, असें लीळाचरित्रांत सांगितलें आहे. त्या लीळेपुरताच आमचा विचार आहे. कान्हरदेवाची कारकीर्द इ. स. १२४७ ते १२६१. चक्रधरांभोंवतीं भक्तपरिवार जमला तो त्यानंतर. तेव्हां ज्यांनीं पुढें ह्या लीळा सांगितल्या, त्यांपैकीं त्या दिवशीं लोणारास हजर कोण होतें? आमच्या मतें बहुधा कोणीही नव्हतें. मग ही हकीकत ग्रंथांत आली कोठून?

ह्याचें उत्तर ग्रंथाच्या जन्मकथेंत आहे. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरापंथें गेले. मागें राहिलेली मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत जमली, व नागदेवाचार्य आठवणींत काळ घालवूं लागले. सराळ्याचा म्हाइंभट हा शास्त्रसंपन्न पंडित. मूळचा वादासाठीं आलेला आणि शिष्य होऊन राहिलेला. ह्या आठवणी लिहून ठेवाव्या, ही कल्पना त्याची. नागदेवाचार्यांनीं आपणांस ठाऊक तेवढें सांगितलें. जेथें ते स्वतः नव्हते तेथील गोष्टींसाठीं, जो भक्त तेथें होता त्याच्याकडे म्हाइंभट गेला. असा तो गांवोगांव हिंडला. चक्रधरांच्या एकाकी संचाराचा काळ ‘एकांक’ ह्या भागांत येतो. त्या काळाला भक्तांपैकीं साक्षी नसल्यामुळें, स्वामींनीं स्वमुखें पुढें जें सांगितलें व ऐकणारांनीं जें ध्यानांत धरिलें, तेंच त्याचें साधन. लोणारची लीळा ह्याच वर्गांतील दिसते. म्हणजे ती लेखणीपर्यंत पोंचली तेव्हां निदान दोन मुखांतून गेलेली होती.

ऐकणारांचा अधिकार केवळ सांगण्यापुरता नव्हता. ग्रंथाची भाषाही त्यांनींच ठरविली असें म्हणण्यास हरकत नाहीं. केशोबासासारखे विद्वान संस्कृतांत रचना करूं इच्छीत असतां, त्यानें आपल्या परिवारांतील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, ह्या कारणास्तव नागदेवाचार्यांनीं त्यांस आवरलें, हा प्रसंग स्मृतिस्थळांत आहे. संस्कृतज्ञ म्हाइंभटाची मराठी इतकी छोट्या वाक्यांची व बोलीची कां, ह्याचा उलगडा येथें होतो. हा ग्रंथ ज्यांच्यासाठीं लिहावयाचा, त्यांच्याच तोंडून तो आलेला होता.

पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं, उत्तरेकडील फौजांच्या धामधुमींत, मूळ पोथी नाहींशी झाली. येथें ग्रंथ संपावयाचा. परंतु तो पुष्कळांस मुखोद्गत होता. हिराइसेनें आपल्या स्मरणांतून पाठ दिला. परशरामबास, रामेश्वरबास ह्यांचेही पाठ झाले. पाठ जुळेनात. अशा वेळीं एक खरा व बाकीचे खोटे, असा निवाडा त्या मंडळींनीं केला नाहीं. पोथ्यांतून लीळेखालीं ‘शोध’ म्हणून पाठभेद नोंदलेले आढळतात : अमका असें म्हणतो, तमका तसें. आजच्या संपादकासही लाज वाटावी इतका हा प्रामाणिकपणा आहे. वाचणारांनीं आपल्या धन्याची गोष्ट आपल्याला हवी तशी सारखी करून घेतली नाहीं. मतभेद तसाच पुढच्यांच्या हातीं दिला. सकळ लिपीच्या पडद्याआड कित्येक शतकें नकला होत राहिल्या, तरी ही चाल मोडली नाहीं.

ह. ना. नेने ह्यांनीं १९३६ पासून हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, व १९७८ मध्यें वि. भि. कोलते ह्यांची प्रत निघाली. ह्या श्रमांचें ऋण मोठें आहे. तथापि ‘मूळ म्हाइंभटकृत पाठ’ शोधून काढण्याच्या हौसेविषयीं आम्हांस शंका आहे. भेद गाळून एकसंध पाठ सिद्ध केला, तर म्हाइंभट हातीं लागेल कीं नाहीं सांगवत नाहीं. हिराइसा मात्र निश्चित गमावेल. कान्हरदेवाच्या भेटीसंबंधीं तर हें विशेष लागू पडतें. यादवांच्या इतिहासांत ही भेट पुरावा म्हणून वापरावयाची असल्यास, ती कोणाच्या पाठांत कशी आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. राजाचें नांव सर्व पाठांत तेंच येतें काय? स्थळ लोणारच काय? भेटींतील भाषण कोणत्या पाठांत वाढलें आहे? स्वामींची थोरवी दाखविण्यासाठीं भक्ताच्या स्मरणांत राजा थोडा अधिक नम्र होणें स्वाभाविक आहे, आणि तें किती झालें हें पाठ शेजारीं ठेवल्यावांचून कळणार नाहीं.

तरी ज्या वाचकांच्या संग्रहीं लीळाचरित्राच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनीं लोणारच्या ह्या लीळेचा पाठ व तिच्याखालील शोध अक्षरशः उतरून, पोथीच्या लेखनकालासह व ती कोणत्या परंपरेची हें नमूद करून, आमच्याकडे पाठवावे.