यंत्र चालू असताना

डायलिसिसचा इतिहास बहुधा यंत्रापासून सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपावर गुंडाळलेल्या सेलोफेनच्या नळीतून रुग्णाचे रक्त शुद्ध केले. 1960 साली सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी आणली आणि काही दिवसांचा उपचार आयुष्यभराचा झाला. खाटेवरच्या माणसाच्या मनाचा इतिहास या ‘आयुष्यभर’पासून सुरू होतो. 1971 मध्ये हॅरी एब्रम या मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या डायलिसिस केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत उघड आत्महत्यांच्या जोडीने उपचार सोडून देणारे आणि पथ्य मोडून मेलेलेही मोजले होते. ही मोजणी मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे ‘पाणी जास्त प्याला, ऐकलं नाही’ एवढ्यावर विषय मिटतो.

महाराष्ट्राला डायलिसिस हा शब्द घरोघरी कळला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतल्या कैदेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर 1975 मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि ऑक्टोबर 1979 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते यंत्रावर होते. त्याच अवस्थेत त्यांनी 1977 च्या निवडणुकीचा प्रचार केला. हे उदाहरण धीर देण्यासाठी नेहमी सांगतात. पण जेपींभोवती माणसांचा राबता होता, वाट पाहणारे काम होते. मारेगाव-झरीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आठवड्यातले तीन दिवस सुईला द्यावे लागतात. ज्या हातात फिस्टुला आहे त्या हाताने ओझे उचलायचे नाही. पाणी मोजून. योजनेतून डायलिसिस मोफत झाले तरी येण्याजाण्याचे भाडे आणि सोबत आलेल्या बायकोची बुडालेली मजुरी कुठल्या खात्यात धरायची?

यवतमाळात मनाच्या उपचाराची यंत्रणा मुळीच नाही, असे नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 नंतर इथे बळीराजा चेतना अभियान आणि प्रेरणा प्रकल्प आले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने गावपातळीवरचे आरोग्यसेवक आणि समुपदेशक उभे केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’च्या मंडळींनी डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठका घेतल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत 39 टक्के. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्यात किती, या प्रश्नावर अडून बसायचे कारण नाही.

पण शेतकऱ्याचा शोध घेत गावात जाणारी ही व्यवस्था डायलिसिसच्या खोलीत शिरत नाही, आणि खोलीतल्या माणसाला आणखी एका दिवशी, आणखी एका दवाखान्यात बोलवणे म्हणजे थट्टाच. यावरचा तोडगा अमेरिकेत सापडला तो साधा आहे: रक्त यंत्रातून फिरत असतानाच शेजारी बसून बोलायचे. ब्रुकलिनमधल्या डॅनिएल क्युकर यांच्या 2014 च्या अभ्यासात असे केल्याने नैराश्य कमी झाले. 2019 मध्ये राजनीश मेहरोत्रा आणि सहकाऱ्यांनी 120 रुग्णांत या बोलण्याची सर्ट्रालिन गोळीशी तुलना केली. बारा आठवड्यांनी गोळी किंचित सरस ठरली, त्रासही तिचाच जास्त झाला. बोलण्याचा कैवार घेणाऱ्यांनी हा निकाल लपवू नये. मात्र आधीच मूठभर गोळ्या खाणाऱ्याला आणखी एक गोळी नको वाटली, तर त्याच्यापुढे दुसरा रस्ता हवा.

अडचणी आहेत. दोन खाटांत पडदाही नसतो. सासऱ्याने शेत विकल्याची गोष्ट शेजारच्या खाटेला ऐकू जाते. आणि प्रश्नावल्या! थकवा येतो का, झोप लागते का, भूक आहे का – मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस निराश नसला तरी तिन्हींची उत्तरे तीच देणार. मग वेगळे काय विचारायचे? या जिल्ह्यात गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलणारी माणसे खाटेवर येतात. वऱ्हाडीतही ‘उदास वाटतं का’ असे कोणी कोणाला विचारत नाही. ‘करमते का?’ असे विचारतात. मधल्या मोकळ्या दिवशी घरी काय करता, बांधापर्यंत जाता का, कोण भेटायला येते – सुरुवात तिथून करता येते, आणि यंत्राला अजून चार तास लागायचे असतात.