पाहिले ते सांगावे

संदर्भटीप म्हणजे आपण काय पाहिले याची कबुली. १९९५ साली अमेरिकेत ‘जेस्टोर’ उभे राहिले आणि जुन्या नियतकालिकांची पाने जशीच्या तशी, पृष्ठांकांसह पडद्यावर आली. पेच तेथूनच पडला : अंक हाती न घेतलेल्या अभ्यासकाने छापील अंकाचाच हवाला द्यावा काय? ‘एमएलए’च्या २००९ च्या नियमपुस्तिकेने माध्यम व पाहिल्याची तारीख मागितली, जालपत्ता मात्र गरजेपुरताच, २०१६ साली माध्यम गळाले, पत्ता परतला. (नियम पाठ होईतो बदलतात!) डीओआय क्रमांकाने निदान पत्ता बदलला तरी लेख सापडतो. आमचे विद्यार्थी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधील लेख जेस्टोरवर वाचतात आणि टिपेत केवळ खंड-अंक लिहितात. मुंबईहून निघालेला तो अंक त्यांनी कधी उघडलेला नसतो.