प्रथिनांची तूट आणि भाकरीची तूट

८ मे २०२४ रोजी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील १७ सूत्रांपेक्षा अधिक गाजला तो एक सल्ला : स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांची भुकटी घेण्याचे टाळावे. व्यायामशाळांपासून पिलाटीजच्या वर्गांपर्यंत या भुकटीचे डबे सर्वत्र दिसत असताना असा सल्ला यावा, याचे अनेकांना नवल वाटले. काहींना तो जुनाटही वाटला. वस्तुतः त्यामागे शतकाहून अधिक काळ चाललेला एक वाद आहे, आणि त्या वादाचा निर्णायक भाग भारतीय मुलांच्या ताटाकडे पाहून लढवला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या कार्ल फोइट यांनी मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिने हा आकडा मांडला. जर्मन कामगार प्रत्यक्षात किती खातात, या पाहणीतून तो आला होता. माणसाला किती लागतात, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. १९०४ मध्ये येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी सहकारी, सैनिक आणि खेळाडू यांच्यावर महिनोन्महिने प्रयोग करून दाखवले, की त्याच्या सुमारे निम्म्या प्रथिनांवरही माणूस धडधाकट राहतो.

कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांना हे मुळीच मान्य नव्हते. बंगालमधील तुरुंगांतील कैद्यांच्या शिध्याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९१२ मध्ये प्रथिनांवर एक ग्रंथच लिहिला. भात खाणारा बंगाली दुबळा आणि गहू, दूध, मांस खाणारा वायव्येकडील माणूस बलदंड, याचे कारण त्यांनी प्रथिनांत शोधले. हिवताप, दारिद्र्य, दुष्काळ, जमिनीची मालकी असे अनेक घटक या दोन प्रदेशांत एकाच वेळी बदलत होते. त्यांतील एकच उचलून त्याला कारण ठरवणे हा प्रयोगशाळेतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही न शोभणारा तर्क होता. पण तो साम्राज्याच्या ‘लढवय्या जाती’ या कल्पनेशी अचूक जुळत होता, म्हणून टिकला.

१९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरीच्या अभ्यासाला आरंभ केला. आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ते बीज होय. त्यांनी भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना खाऊ घातले. शीख आहारावरील उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. मॅककॅरिसन यांनी त्याचे श्रेय केवळ प्रथिनांना दिले नाही. दूध, भाजीपाला आणि जीवनसत्त्वे यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले. लोकांच्या स्मरणात मात्र उंदीरच राहिले.

प्रथिनांना जागतिक महत्त्व आले ते आफ्रिकेतून. जमैकात जन्मलेल्या डॉक्टर सिसिली विल्यम्स गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना, येथे काम करीत होत्या. मक्याच्या पेजेवर वाढणारी, अंगावर सूज असलेली, कातडी सोलवटलेली, केस तांबूस झालेली मुले त्यांच्याकडे येत. १९३३ मध्ये त्यांनी या विकाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये त्याला स्थानिक गा भाषेतील नाव दिले : क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आल्यावर अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. मराठी वैद्यकीय लेखनात याला सुजवटी म्हणतात; हाडांचा सापळा उरलेल्या मुलाच्या विकाराला, मरॅस्मसला, सुकटी. अंगावरचे दूध तुटले की प्रथिने तुटतात, म्हणून सूज येते, ही उपपत्ती तेव्हा पटण्याजोगी होती.

१९५२ मध्ये ब्रॉक आणि ओत्रे यांनी आफ्रिकेतील क्वाशिओरकोरवर जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्यासाठी अहवाल लिहिला. १९५५ मध्ये प्रथिन सल्लागार गट स्थापन झाला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाच्या शीर्षकातच येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा उल्लेख होता. दरम्यान माशांची गंधहीन भुकटी, खनिज तेलावर वाढवलेले यीस्ट, ग्वातेमालातील इन्कापरिना अशी उत्पादने पुढे आली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तीन भाग शेंगदाण्याचे पीठ आणि एक भाग हरभऱ्याचे पीठ यांचे ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले. अधिक लायसीन असलेल्या मक्याचे भारतीय वाणही निघाले. या प्रयत्नांमागची कळकळ खरी होती आणि त्यांतील रसायनशास्त्रही बिनचूक होते. शंका होती ती निदानाबद्दल.

ती शंका सर्वांत ठामपणे घेतली हैदराबादच्या प्रयोगशाळेने. सेलम येथे जन्मलेले कोलत्तूर गोपालन कुन्नूरलाच घडले. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली आणि पुढे त्यांनी तिचे नेतृत्व केले. १९५६ मध्येच त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते, की सुजवटीचे मूल केवळ वनस्पतिजन्य प्रथिनांवरही बरे होऊ शकते. दुधाची भुकटी अपरिहार्य नाही. मग त्यांनी अधिक मूलभूत प्रश्न हाती घेतला. प्रथिनांच्या अभावाने सुजवटी आणि एकूण अन्नाच्या अभावाने सुकटी, हे समीकरण खरे असेल, तर दोन्ही विकारांच्या मुलांचे आधीचे आहार वेगळे असायला हवेत. हैदराबाद परिसरातील ग्रामीण मुलांचे आहार ती आजारी पडण्यापूर्वीपासून नोंदवले गेले. १९६८ मध्ये गोपालन यांनी निष्कर्ष मांडला : दोन्ही गटांच्या आहारात प्रथिने आणि ऊर्जा यांच्या प्रमाणात फरक आढळत नाही. त्याच घरातले, त्याच भांड्यातले अन्न खाऊन एका मुलाला सूज येत होती, दुसरे वाळत होते. गोपालन यांच्या मते फरक होता तो उपासमारीशी जुळवून घेण्याच्या शरीराच्या क्षमतेत.

यानंतरचा प्रयोग आणखी साधा होता, आणि म्हणूनच अधिक बोलका. १ ते ५ वर्षे वयाच्या तीनशेहून अधिक ग्रामीण मुलांना १४ महिने रोज एक गोड पदार्थ देण्यात आला. त्यात गव्हाचे पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ, एवढेच. त्यातून सुमारे ३१० किलोकॅलरी ऊर्जा मिळे आणि प्रथिने अवघी ३ ग्रॅम. एका ग्रॅम प्रथिनांतून ४ किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर त्या खाऊतील ऊर्जेचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांचा होता. प्रथिन-संकटाची उपपत्ती खरी असती, तर अशा खाऊने मुलांची वाढ फारशी सुधारायला नको होती. प्रत्यक्षात खाऊ न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत त्यांची उंची आणि वजन दोन्ही लक्षणीय वाढले. १९७३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यामागची क्रियाविधी समजण्यास अवघड नाही. शरीराचा ऊर्जेचा खर्च क्षणभरही थांबत नाही. हृदय, मेंदू, श्वसन यांना इंधन लागतेच. ते पुरेसे मिळाले नाही, तर शरीर ॲमिनो आम्लांतील नायट्रोजन बाजूला काढून उरलेला सांगाडा जाळते. म्हणजे अर्धपोटी मुलाला महागडी प्रथिने दिली, तर त्यातला मोठा वाटा सरपण म्हणून चुलीत जातो. पुरेशी ऊर्जा मिळाली, की तीच प्रथिने स्नायूंच्या बांधणीसाठी मोकळी होतात.

एका ताटाचा हिशेब पाहावा. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ५० ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात. ज्वारीत सुमारे १० टक्के, तूरडाळीत २२ टक्के आणि तांदळात ८ टक्के प्रथिने असतात. बेरीज होते ३० अधिक ११ अधिक ४, म्हणजे ४५ ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी आजची भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम आहे. भाजी आणि ताकाची वाटी ही किरकोळ तूट भरून काढते. परंतु हे ताट अर्धे केले, तर प्रथिने २२ ग्रॅमवर येतात आणि त्यातलीही काही जळून जातात. अशा घरात ‘प्रथिनांची कमतरता’ मोजली जाईल आणि ती खरीच असेल; तिचे कारण मात्र अर्धे ताट हे आहे.

हा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या बाजूने ज्यांनी पक्का केला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. फर्ग्युसन महाविद्यालय, लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि पुढे रोममध्ये अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालकपद असा त्यांचा प्रवास. १९७० च्या शोधनिबंधात त्यांनी भारतीय आहार-पाहण्यांतील आकडे नव्याने तपासले. सरासरी प्रथिने आणि सरासरी गरज यांची सुटी तुलना त्यांना अपुरी वाटली. त्यांनी प्रत्येक घराची ऊर्जा आणि प्रथिने एकत्र ठेवून पाहिली. प्रथिने कमी पडणारी बहुतेक घरे तीच होती, जिथे मुळात अन्नच कमी पडत होते. ऊर्जा पुरेशी आणि प्रथिने तेवढी अपुरी, अशी घरे विरळा.

तिकडे प्रमाण-आकडेही खाली येत होते. प्रौढांसाठी अंडी-दुधाच्या दर्जाच्या प्रथिनांची सुरक्षित पातळी १९६५ मध्ये किलोमागे ०.७१ ग्रॅम होती. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात ती पुरुषांसाठी ०.५७ झाली. शिफारशी बदलताच जगाची ‘प्रथिन-दरी’ कागदावरून जवळपास नाहीशी झाली. एका मुलाच्याही ताटात काही न वाढता संकट संपले, यातला उपरोध बोचरा आहे. १९७४ मध्ये बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रकरणाला प्रथिनांची महाफजिती ठरवले. १९७७ मध्ये सल्लागार गटही गुंडाळला गेला.

कथा इथे संपली असती, तर ती सोयीची झाली असती. पण एका बाजूने लढलेले गोपालन आणि सुखात्मे पुढच्याच दशकात समोरासमोर आले. पुण्यात परतलेल्या सुखात्मे यांनी शेल्डन मार्गन यांच्यासह मांडले, की एकाच माणसाची ऊर्जेची गरज स्थिर आकडा नसते. शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. त्यामुळे सरासरी गरजेखाली खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित मोजणे चूक आहे. गणिताच्या दृष्टीने हा विचार दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. परंतु त्यातून भुकेल्यांची संख्या एका फटक्यात घटत होती, आणि ‘लहान पण निरोगी’ देहाची कल्पना काही अर्थशास्त्रज्ञांनी उचलून धरली. वि. म. दांडेकरांनी तिचा प्रतिवाद केला. गोपालन तर संतापलेच. खुरटलेले शरीर हे यशस्वी जुळवणीचे नव्हे, किंमत मोजून जगल्याचे लक्षण आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढील संशोधनाने, विशेषतः कमी वजनाच्या बाळांच्या अभ्यासाने, गोपालन यांची बाजू बळकट केली. गरज बदलती असते हा सुखात्मे यांचा मुद्दा मात्र पूर्णपणे खोडला गेला असे म्हणता येत नाही.

प्रथिनांच्या दर्जाचा प्रश्नही परतला. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रौढाची लायसीनची रोजची गरज किलोमागे १२ मिलिग्रॅम धरली होती. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात अनुरा कुरपाड यांच्या गटाने भारतीय प्रौढांना कार्बन-१३ ने चिन्हांकित केलेले ॲमिनो आम्ल दिले आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधील त्या समस्थानिकाचे प्रमाण मोजले. लायसीन अपुरे असेल, तर इतर ॲमिनो आम्लांपासून प्रथिने बांधता येत नाहीत. ती जळतात आणि श्वासात उतरतात. या मोजमापांतून गरज ३० मिलिग्रॅमच्या आसपास निघाली आणि २००७ च्या अहवालाने तो आकडा स्वीकारला. तृणधान्यांत लायसीनच सर्वांत तोकडे असते. वरच्या ताटातील डाळ काढून तितकीच ज्वारी वाढवली, तर त्या तीन पदार्थांतील एकूण प्रथिने ६ ग्रॅमनी घटतात. लायसीन मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटते. पोट तितकेच भरते, म्हणून हा फरक जेवणाऱ्याला कळत नाही.

२०२४ ची मार्गदर्शिका या साऱ्या इतिहासाची वारस आहे. व्यायाम करणाऱ्यांसाठीही किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने नेऊन स्नायूंत भर पडत नाही, असे ती सांगते आणि भुकट्यांतील साखर व कृत्रिम गोडव्याकडे लक्ष वेधते. डब्यावरील इशारा म्हणून तिचा हा भाग गाजला. तिच्यातच आणखी एक नोंद आहे, जी फारशी कोणी छापली नाही : डाळी आणि मांस महाग असल्याने भारतीयांची मोठी संख्या तृणधान्यांवरच विसंबून आहे, आणि डाळी, मांस, मासे यांचा रोजच्या ऊर्जेतील वाटा १४ टक्के असायला हवा, तिथे तो ६ ते ९ टक्केच आहे.