बातमीदाराची दुसरी उमेदवारी

वृत्तपत्रात काही वर्षे काढून जनसंपर्काच्या एखाद्या कंपनीत पुन्हा पहिल्या पायरीपासून उमेदवारी सुरू करणारी माणसे आज आपल्या अवतीभवती पुष्कळ आढळतात. त्यांच्याविषयी दोन मते बहुधा ठरलेली असतात. एका मताप्रमाणे ही लेखणीची विक्री होय. दुसऱ्या मताप्रमाणे हा केवळ टेबलाची बाजू बदलण्याचा प्रकार, कारण लिहिण्याचे कसब दोन्हीकडे तेच. आम्हाला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. या स्थित्यंतरात माणूस बरोबर काय नेतो आणि मागे काय ठेवतो, हे पाहायचे असेल तर ही वाट आरंभीच्या काळात चाललेल्या एका अमेरिकन बातमीदाराकडे वळणे उपयुक्त ठरेल. त्याचे नाव आयव्ही ली.

ली १८७७ साली जॉर्जिया राज्यात एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. १८९८ मध्ये प्रिन्स्टनची पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि तेथील वृत्तपत्रांत बातमीदारी करू लागला. ‘टाइम्स’ आणि पुलित्झरचे ‘वर्ल्ड’ ही त्यांपैकी दोन पत्रे. १९०३ साली त्याने ‘वर्ल्ड’ सोडले आणि न्यूयॉर्कचा महापौर सेथ लो याच्या निवडणुकीत प्रचारसाहित्य लिहिण्याचे काम पत्करले. लो पडला. पुढल्याच वर्षी ली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रसिद्धी विभागात गेला. तेथे त्याचा वरिष्ठ होता जॉर्ज पार्कर हा जुना वृत्तपत्रकार. त्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवारही थिओडोर रूझवेल्टसमोर पराभूत झाला. पदरी दोन पराभव पडले, पण लीची उमेदवारी वाया गेली नाही. वरिष्ठ पार्कर आणि कनिष्ठ ली यांनी मिळून प्रसिद्धीचा स्वतंत्र व्यवसाय थाटला.

काळ या व्यवसायाला अनुकूल होता. आयडा टार्बेल हिची स्टँडर्ड ऑइल कंपनीवरील लेखमाला १९०२ ते १९०४ या काळात ‘मॅक्क्लुअर्स’ मासिकात गाजत होती. रेल्वे, तेल, कोळसा यांतील धनाढ्यांची लफडी मासिकांतून बाहेर येत होती आणि त्यावर त्यांचे उत्तर एकच होते, ते म्हणजे मौन. १९०२च्या अँथ्रासाइट कोळसा संपात कामगारांचा पुढारी जॉन मिचेल बातमीदारांशी मोकळेपणाने बोलत असे आणि खाणमालक त्यांना दारात उभे करीत नसत. लोकमत कोणाकडे झुकले हे सांगायला नको. १९०६ मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मालकांनी लीला बोलावले.

या वेळी लीने संपादकांना जे निवेदन पाठवले ते जनसंपर्काच्या इतिहासात ‘तत्त्वांची घोषणा’ म्हणून ओळखले जाते. त्याचा आशय असा : आमची कचेरी गुप्त नाही, काम उघडपणे चालते, ही जाहिरात नव्हे, जाहिरात वाटली तर छापू नका, आमची माहिती अचूक असेल, आणि त्यातील कोणतेही विधान पडताळून पाहण्यास संपादकाला आम्ही आनंदाने मदत करू. हे निवेदन बारकाईने वाचणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येईल. ते लिहिणाऱ्याला वृत्तपत्राच्या कचेरीतला संशय आतून माहीत होता. संपादक कशाला बिचकतो, कशाने निर्धास्त होतो, हे ज्ञान बाहेरच्याला सहजी मिळणारे नव्हते. लीने बातमीदारीतून बरोबर नेलेले खरे भांडवल हे होते. सुबक वाक्यरचना ही त्यापुढे किरकोळ बाब.

त्या भांडवलाचा सदुपयोगही झाला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५०हून अधिक माणसे दगावली. अपघात दडपणे ही रेल्वे कंपन्यांची तेव्हाची रीत होती. लीने उलट सल्ला दिला. कंपनीने स्वतःहून निवेदन प्रसृत केले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते शब्दशः छापले. प्रसिद्धीपत्रकाच्या इतिहासात या घटनेला आद्य उदाहरणाचा मान देतात. माहिती वेळेवर बाहेर आली, यात वाचकाचेही हित होते. मात्र ती शब्दशः छापली गेली, म्हणजे विचारणारा मध्ये कोणी राहिला नाही, हेही त्याच दिवशी घडले.

याची किंमत आठ वर्षांनी कळली. कोलोरॅडोतील खाणकामगारांचा संप चालू असताना २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील त्यांच्या तंबूवसाहतीवर राज्याच्या सैनिकांनी गोळीबार केला, तंबू पेटले, आणि आसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात २ बायका व ११ मुले गुदमरून मेली. संपात गुंतलेल्या सर्वांत मोठ्या कंपनीची सूत्रे रॉकफेलर कुटुंबाकडे होती. धाकट्या रॉकफेलरने लीला पाचारण केले. लीने मालकांची बाजू मांडणारी पत्रके काढली. ती तयार होत फिलाडेल्फियात, पण वाटली जात डेन्व्हरहून, खाणव्यवस्थापकांच्या समितीच्या नावाने. आरंभी लीचे नाव कोठेही नव्हते. एका पत्रकात कामगार पुढाऱ्यांचे वर्षभराचे वेतन अवघ्या नऊ आठवड्यांचे म्हणून दाखवले गेले. मदर जोन्स या वयोवृद्ध कामगार पुढारी बाईंच्या चारित्र्यावरचा जुना आरोपही पुन्हा फिरवण्यात आला.

औद्योगिक संबंधांच्या केंद्रीय आयोगापुढे लीची साक्ष झाली. मालकांनी दिलेली माहिती खरी की खोटी हे पाहण्यासाठी आपण स्वतः काहीही प्रयत्न केला नाही, अशी कबुली त्याने तेथे दिली. कवी आणि पत्रकार कार्ल सँडबर्ग याने १९१५ मध्ये त्याला पगारी खोटारडा ठरवले, आणि अप्टन सिंक्लेअरने दिलेले ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव त्याला कायमचे चिकटले.

आमच्या मते ‘खोटारडा’ हा शब्द मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाही. लीने जाणूनबुजून खोटे लिहिले असे न मानताही त्याची साक्ष पुरेशी बोलकी आहे. १९०६ मध्ये पडताळणीसाठी संपादकाला मदत करू म्हणणारा माणूस १९१४ मध्ये स्वतः पडताळून पाहत नव्हता. बातमीदार असता तर आकडा हाती येताच ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारणे त्याचे कर्तव्य ठरले असते. आता तो प्रश्न पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचा होता, आणि तसे करण्यास त्याला कोणी भाग पाडत नव्हते. विश्वासार्हता कमावण्याचे तंत्र त्याने बरोबर नेले. ती ज्यावर उभी असते तो प्रश्न मागे राहिला. १९३४ साली जर्मनीतील आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीकडून वर्षाला २५,००० डॉलर घेतल्याबद्दल अमेरिकी संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली. हिटलरच्या राजवटीला त्या सल्ल्याचा लाभ झाला काय, हा मुद्दा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ली वारला.

हा इतिहास परका वाटू नये. आपल्या राज्यात ‘माहिती व जनसंपर्क महासंचालनालय’ आहे. त्या नावातला ‘व’ किती सहज वाचला जातो! माहिती आणि जनसंपर्क या दोन गोष्टी शेजारी नांदू शकतात. लीच्या १९०६च्या निवेदनाने ते कागदावर तरी दाखवले होते. परंतु त्या नांदाव्यात यासाठी कोणीतरी विचारणारा जागा असावा लागतो. मराठी वृत्तपत्रांत आलेले प्रसिद्धीपत्रक वरची ओळ बदलून छापले जाते, तेव्हा तो विचारणारा दोन्ही टेबलांवरून उठून गेलेला असतो.

म्हणून नव्या उमेदवाराला निष्ठा बदलल्याचा दोष देण्यात आम्हाला स्वारस्य नाही. घरभाडे, मुलांच्या फिया, वेळेवर न होणारा पगार, ही कारणे खरी आहेत आणि त्यांची थट्टा करू नये. नव्या कचेरीत पहिला मजकूर हाती पडेल तेव्हा त्यातला आकडा कोठून आला हे विचारण्याची मुभा आपल्याला आहे काय, एवढे मात्र त्याने पहिल्याच आठवड्यात पाहून घ्यावे. मुभा असेल तर त्याची बातमीदारी संपलेली नाही. नसेल, तर आपण नेमके काय सोडून आलो हे त्याला कळलेले असेल.