टोकायची गोड वाइन: कथा आणि कागद

हंगेरीच्या ईशान्येला, तिसा आणि बोद्रोग नद्यांच्या संगमापाशी, टोकायचे द्राक्षमळे आहेत. तिथल्या ‘ऑसू’ या गोड वाइनची जन्मकथा प्रसिद्ध आहे. १६३० च्या सुमारास तुर्कांच्या स्वारीच्या धास्तीने ओरेमुश मळ्यातली तोडणी लांबली आणि मणी वेलीवरच सुकले. कॅल्विनपंथी धर्मोपदेशक सेप्शी लात्सको माते याने त्यांची वाइन केली आणि आपली आश्रयदाती झुझान्ना लोरांतफी हिला दिली.

कथेतली माणसे खरी आहेत आणि तुर्कांची धास्तीही खरी. १५२६ च्या मोहाचच्या लढाईत तुर्कांकडून झालेल्या पराभवाच्या सुमारास दक्षिणेचा सेरेमशेग हा नामांकित वाइनप्रदेश हातचा गेला आणि उत्तरेच्या टोकायला महत्त्व चढले. पण बखरीतली माणसे खरी निघाली म्हणून बखरीतला प्रसंग खरा ठरत नाही. त्याला समकालीन कागद लागतो, आणि इथे कागद कथेच्या विरुद्ध बोलतात.

शारोशपातकच्या शाळेतले शिक्षक बालाझ सिक्साई फाब्रिसियुस यांनी लॅटिन-हंगेरियन शब्दसंग्रह रचला. त्यात ऑसू द्राक्षांच्या वाइनची नोंद आहे. ते वारले १५७६ साली आणि पुस्तक छापले गेले १५९० साली. झुझान्नाचा जन्म १६०० च्या सुमारासचा. म्हणजे छपाईचे साल धरले तरी, जिच्यासाठी ही वाइन प्रथम तयार झाली म्हणतात, ती तेव्हा जन्मलीही नव्हती! शिवाय शब्दसंग्रहात येते ते बहुधा आधीच रुळलेले असते.

त्याहून जुना कागद १५७१ चा, मालमत्तेच्या यादीचा. त्यातही ऑसू आहे. माझ्या मते हाच पुरावा सर्वांत वजनदार. मालमत्तेत धरली जाणारी वस्तू योगायोगाने एकदा झालेली नसते. ती साठवलेली आणि मोलाची असते.

मात्र इथे थांबायला हवे. आजची ऑसू शरदातल्या धुक्यात वाढणाऱ्या बोट्रायटिस बुरशीने आकसलेल्या मण्यांची असते. मणी वेचून घेतात आणि मस्टमध्ये (द्राक्षाच्या ताज्या रसात) किंवा वाइनमध्ये भिजवतात. जुन्या नोंदी नाव देतात, कृती सांगत नाहीत. मणी बुरशीने सुकले की नुसत्या उन्हाने, हे त्यांवरून ठरत नाही. १५७१ ची वाइन हुबेहूब आजचीच होती, असा दावा करणे म्हणजे कागदात नसलेले वाचणे.

लात्सकोने ही कृती सुधारली असेल, पण ऑसूचा जनक तो नव्हे. तिचा इतिहास १५७१ च्या नोंदीपासूनच लिहायला हवा.