वाडीतला किल्ला

रेवदंड्याला येणारे पाहुणे हमखास विचारतात, "सर, किल्ला कुठंय?" मी म्हणतो, "आतच तर उभे आहात." अलिबाग-मुरूड रस्ता तटातून आत शिरतो आणि आत सगळा संसार: घरं, विहिरी, नारळी-पोफळीच्या वाड्या. त्यामुळे इथला इतिहास जपायचा तर आधी वाडीवाल्याशी जमलं पाहिजे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा उद्योग तोच.

पावसात तटाचा एखादा घडीव चिरा निखळतो, कुणाच्या तरी परसात येऊन पडतो आणि दिवाळीपर्यंत त्यावर धुणं सुरू होतं. मी तो परत मागत नाही. मागितला की पुढच्या खेपेला दाराला आतून कडी. फोटो घेतो, कुणाच्या परसात आहे ते वहीत टिपतो आणि एवढंच सांगतो, "धुवा खुशाल, पण टाकी लावू नका."

शेजारचं चौल तर फार जुनं. टॉलेमीला ठाऊक असलेलं बंदर. इथं ३६० देवळं आणि ३६० तळी होती म्हणतात. आमच्याकडची मोजदाद ३६० वरच का थांबते, देव जाणे! १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथंच उतरला. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्यात किल्ल्याचं काम काढलं, १५७०-७१ चा निजामशाही वेढाही पचवला. अखेर १७४० च्या तहानं ठाणं मराठ्यांकडे आलं. तोवर बंदराची रया गेली होती. पुढं मुंबईनं उरलासुरला व्यापार ओढून नेला.

लोक सातखणी मनोऱ्याला टेहळणीचा बुरूज समजतात. तो चर्चचा मनोरा. पायथ्याशी तोफा पडल्यात, त्यावर बसून फोटो निघतात, निघोत. मला विचाराल तर पोर्तुगीजांची खरी खूण खाडीपलीकडं, कोर्लईत. तिथली ख्रिस्ती मंडळी आजही घरात पोर्तुगीजवरून घडलेली आपली 'नो लिंग' बोलतात. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, तरी. तिला मात्र ना फलक, ना कुंपण.

तटाला कायद्याचं संरक्षण आहे. राष्ट्रीय स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम चालत नाही. नियम योग्यच, पण ज्याचं घरच तटाच्या आत, त्यानं काय करायचं? परवानगीसाठी खेटे घालून वैतागलेल्या माणसाला मी चिऱ्याचं मोल सांगू लागलो, तर तो मलाच चिरा फेकून मारेल. म्हणून वाडीत गेलो की आधी गळक्या कौलांची चौकशी, मग दुरुस्तीचा अर्ज लिहून देणं. तोवर चहा येतो. मग विचारतो, "काय हो, विहिरीकडचा तो कोरीव दगड कुठं हलवलात?"